सिस्टरांचं राजकीय मत रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतं का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालं आहे, ते एका पक्षाचे जुने कार्यकर्ते आहेत, आणि त्यांच्या वॉर्डातल्या एक सिस्टर त्याच पक्षाविरुद्ध समाजमाध्यमांवर जहाल लिहितात हे तुमच्या पाहण्यात आलं. आता त्यांच्या ड्यूटीत वडिलांची हेळसांड होईल का, आणि दुसऱ्या सिस्टर द्या असं सांगावं का? मी वॉर्ड सांभाळते, नर्सिंगच्या नोंदी तपासते आणि दुर्लक्षाच्या तक्रारींच्या चौकशीत बसते. त्या कामातून जे कळलं त्यावरून सांगते.

आधी हे लक्षात घ्या, की राजकीय मतं नसलेला आरोग्य कर्मचारी सापडणार नाही. आणि "मी अगदी निःपक्ष आहे" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तरी त्यावर भिस्त ठेवू नका, कारण स्वतःच्या पूर्वग्रहाबद्दल माणसाची स्वतःची साक्ष फारशी उपयोगाची नसते. मी चौकशीत बसते तेव्हा मनात काय आहे हे शोधत नाही. या रुग्णाच्या सेवेतले कोणते निर्णय या एका व्यक्तीच्या मर्जीवर सोपवलेले होते, हे पाहते. वेळ, मात्रा आणि कृती आधीच ठरलेली असेल तर मताला शिरायला फट मिळत नाही. "गरज वाटल्यास" असं लिहिलेलं असेल तर मिळते.

हृदय बंद पडलेला रुग्ण घ्या. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढ माणसात प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर २ मिनिटांनी दाब देणारा बदलायचा. खाटेभोवती चार-पाच माणसं, त्यातला एक जण वेळा लिहीत असतो. प्रत्येकाचं काम ठरलेलं आणि चुकलं तर लगेच सगळ्यांना दिसणारं. हा रुग्ण कोणाच्या सभेला जायचा, हा विचार तिथे मध्ये येत नाही. लोकांना भीती नेमकी याच प्रसंगाची वाटते, पण खरी जोखीम तिथे सगळ्यांत कमी आहे.

अभ्यासांतूनही चित्र साधारण असंच दिसतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मतदार नोंदणीत पक्ष लिहिलेला असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न तपासता येतो. एटन हर्श आणि मॅथ्यू गोल्डनबर्ग यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे काल्पनिक रुग्णांची वर्णनं ठेवली आणि या रुग्णाची कोणती बाब किती गंभीर वाटते, त्याला काय सल्ला द्याल, असं विचारलं. दारू, तंबाखू, स्थूलपणा, नैराश्य यांत दोन्ही पक्षांच्या डॉक्टरांची उत्तरं जवळपास सारखी होती. गांजा, पूर्वी केलेला गर्भपात आणि घरातली बंदूक या तीन विषयांवर मात्र ती वेगळी झाली. रिपब्लिकन डॉक्टरांना पहिल्या दोन बाबी जास्त गंभीर वाटल्या, तर बंदूक घरात ठेवूच नका असा सल्ला देण्याकडे डेमोक्रॅट डॉक्टरांचा कल जास्त होता. म्हणजे जो आजार किंवा सवय स्वतःच राजकीय वादाचा विषय झाली आहे तिथे मत सल्ल्यात उतरलं. ही अर्थात कागदावरच्या रुग्णांबद्दलची उत्तरं होती, प्रत्यक्ष सेवा मोजलेली नव्हती. प्रत्यक्ष सेवेबद्दलचा एक मोठा अभ्यास २०१८ साली बीएमजे या नियतकालिकात आला. राजकीय देणग्यांच्या नोंदींवरून डॉक्टरांचा कल ठरवून, त्यांच्या हाताखाली असलेल्या आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांना किती आणि कोणते उपचार मिळाले याची तुलना त्यात केली होती. एकाच रुग्णालयातल्या डॉक्टरांमध्ये पक्षानुसार म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

हे दोन्ही अभ्यास डॉक्टरांच्या राजकीय कलाबद्दल आहेत. रुग्णाचं राजकारण माहीत असताना त्याच्याशी वागणूक बदलते का, हा तुमचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. तिथे वॉर्डातलं रोजचं काम जवळून पाहावं लागतं.

वडिलांचं वेदनाशामक औषध घ्या. ते दोन प्रकारे लिहिलेलं असतं. एक, ठरलेल्या वेळांना द्यायचं. दोन, एसओएस, म्हणजे दुखल्यास द्यायचं. पहिल्या प्रकारात सिस्टरांनी वेळ चुकवली तर औषधाच्या तक्त्यावर चौकोन रिकामा राहतो आणि पुढच्या पाळीच्या सिस्टरांना तो दिसतो. दुसऱ्या प्रकारात आधी वडिलांनी मागायला हवं, मग सिस्टरांना ते खरं वाटायला हवं, मग त्यांच्या हाताला सवड हवी. या तीन पायऱ्यांपैकी कुठेही उशीर झाला तरी कागदावर खाडाखोड नाही, रिकामा चौकोन नाही, काहीच नाही. चौकशीत बसल्यावर मी म्हणूनच एसओएस औषधाच्या चार नोंदी मागते: रुग्णाने मागितलं ती वेळ, देण्यापूर्वीची वेदना ० ते १० या मापात किती, दिल्याची वेळ, आणि दिल्यानंतरची वेदना. शिरेतून दिलं असेल तर साधारण अर्ध्या तासाने आणि तोंडाने दिलं असेल तर तासाभराने पुन्हा विचारायचं असतं. पहिली आणि चौथी नोंद बहुतेक ठिकाणी नसतेच, आणि नेमका त्या दोन ठिकाणी माणसामाणसातला फरक लपतो.

अशा मर्जीवर सोडलेल्या जागा बऱ्याच आहेत. खाटेपाशी किती वेळ थांबायचं, ऑपरेशननंतर खुर्चीत बसवायला आज दुपारी न्यायचं की "उद्या बघू" म्हणायचं, भेटीच्या वेळेनंतर आलेल्या नातेवाइकाला पाच मिनिटं आत सोडायचं की नाही, संमतीपत्र समजावताना पर्याय कोणत्या क्रमाने आणि कोणत्या सुरात सांगायचे. यातली एकही गोष्ट एकेकटी धरली तर तक्रार करण्याजोगी वाटत नाही. चार दिवस सगळ्या मिळून एकाच दिशेने झुकल्या तर ऑपरेशननंतरचा रुग्ण उशिरा उठतो. आणि खुब्याच्या रुग्णाचं उठणं लांबलं की फुप्फुसात कफ साठणं, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होणं आणि माकडहाडापाशी जखम होणं, या तिन्हींचा धोका वाढतो.

नोंदीतली भाषा हाही मोठा भाग आहे. "वेदना ८/१०, औषध मागितलं" ही एक नोंद. "वेदना ८ असल्याचा दावा करतो, सारखं औषध मागतो" ही त्याच रुग्णाची दुसरी नोंद. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांना सिकलसेलच्या (तीव्र वेदना देणाऱ्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) एका काल्पनिक रुग्णाची टिपणं वाचायला दिली होती. आजार आणि माहिती तीच, फक्त काहींच्या टिपणात भाषा तटस्थ आणि काहींच्या टिपणात हिणवणारी. हिणवणारी भाषा वाचलेल्यांच्या मनात रुग्णाबद्दल वाईट ग्रह झाला आणि त्यांनी वेदनेवर कमी जोमाचे उपचार सुचवले. म्हणजे ज्या सिस्टरांचं तुमच्या वडिलांशी काहीही वाकडं नाही त्यांच्यापर्यंतही आधीच्या पाळीचा सूर पोहोचू शकतो. पाळी बदलताना "हे ते पुढारी, जरा त्रासदायक आहेत" एवढं एक वाक्य त्याला पुरतं.

उलट दिशेचा पक्षपातही तितकाच घातक असतो. आपल्या विचाराचा किंवा वजनदार रुग्ण आला की नेहमीची पद्धत मोडली जाते. संकोचाची तपासणी टाळली जाते, रोज रक्त काढणाऱ्याऐवजी वरिष्ठ डॉक्टर स्वतः सुई घेतात आणि त्यांना सवय नसल्याने शीर सापडत नाही, चार तज्ज्ञ चार सूचना देऊन जातात आणि त्यांचा मेळ कोणीच घालत नाही. वैद्यकीय लिखाणात याला व्हीआयपी सिंड्रोम म्हणतात, आणि हे नाव १९६४ पासून वापरात आहे. वडिलांसाठी त्यांच्याच पक्षाच्या सिस्टर शोधून द्या अशी मागणी करण्याचा मोह झाला तर म्हणूनच तो आवरा.

आता त्या सिस्टरांच्या लिखाणाबद्दल. ड्यूटीबाहेर, रुग्णांचा उल्लेख न करता कोणी राजकीय मत मांडलं तर एवढ्यावरून सेवा वाईट आहे असा निष्कर्ष मी काढत नाही. पण त्या लिखाणाचा एक परिणाम ठामपणे सांगते, कारण तो सेवा चोख असली तरी होतो: रुग्ण बोलेनासा होतो. ज्यांच्याबद्दल मनात अढी बसली त्यांना रुग्ण आपण किती दारू पितो, रक्त पातळ करणारी गोळी चुकून दोनदा घेतली का, रात्री एकटाच स्वच्छतागृहात जाऊन तोल गेला का, हे सांगत नाही. ऑपरेशननंतरच्या दोन-तीन दिवसांत दारूची माहिती लपवलेला रुग्ण थरथरायला आणि बरळायला लागला तर कारण शोधण्यात मोलाचे तास जातात. माझ्या हाताखालच्या मुलींना मी याच कारणासाठी सांगते, की मत ठेवा, पण नावानिशी आणि गणवेशातल्या फोटोसह ते जगापुढे मांडताना उद्याच्या रुग्णाचं तोंड बंद होईल का याचा विचार करा. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलचा डॉक्टरांसाठीचा नियमही याच अंगाने जातो: रुग्णाच्या असहायतेचा फायदा घेतला जाईल किंवा त्याला मनस्ताप होईल अशा रीतीने आपली राजकीय, धार्मिक वा नैतिक मतं त्याच्यापुढे मांडायची नाहीत.

तुमच्या बाबतीत नक्की काय होईल हे परिस्थितीवर अवलंबून आहे. वडील शुद्धीवर, बोलते आणि सोबत माणूस असलेले असतील तर जोखीम कमी. भूल उतरताना गोंधळलेले, ऐकायला कमी येणारे, रात्रपाळीत एकटे असतील तर जास्त. एका सिस्टरांकडे किती रुग्ण आहेत यावर तर फारच अवलंबून आहे. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांवर झालेल्या अभ्यासात गर्दीच्या पाळीनंतर नकळत होणारा पक्षपात वाढलेला दिसला. तो वर्णाबद्दलचा पक्षपात होता, पण कारण इथेही लागू पडतं. थकलेला मेंदू माणूस पाहत नाही, शिक्का पाहतो.

आणि ज्याला तुम्ही राजकारण समजाल ते पुष्कळदा नुसती घाई असते. श्वासाची गती नीट मोजायला पूर्ण एक मिनिट लागतं. सिस्टरांना वेळ नसला की खाटेमागून खाट १८, २०, १८, २० असे आकडे पडतात, मग रुग्ण कोणत्याही पक्षाचा असो. फक्त तुमच्या वडिलांच्या तक्त्यावर असं दिसलं आणि शेजारच्यांच्या नाही, तरच संशयाला जागा आहे. शेजारच्यांचा तक्ता तुम्ही पाहू शकत नाही आणि पाहूही नये. ते काम वॉर्ड इन्चार्जचं.

म्हणून पुढचे दोन दिवस असं करा. एक वही ठेवा आणि त्यात फक्त वेळा लिहा: बेल कधी दाबली, कोण आलं, काय मागितलं, काय मिळालं, कधी मिळालं. "मुद्दाम", "तोंड फिरवून" असले शब्द नकोत, त्यांनी चौकशी भरकटते. डॉक्टरांनी काय लिहून दिलंय ते विचारून घ्या: वेदनेचं औषध ठरलेल्या वेळांना आहे की एसओएस, कूस किती वेळाने बदलायची आहे, खुर्चीत कधी बसवायचं आहे, नाडी-रक्तदाब किती तासांनी पाहायचा आहे. तुलना शेजारच्या खाटेशी करू नका, या लिखित आदेशाशी करा. शेजारच्या रुग्णाकडे सिस्टर दहा वेळा गेल्या तर त्याची प्रकृती तशी असेल. दोन दिवसांनी वही पाळीनुसार वाचा. सगळ्याच पाळ्यांत उशीर असेल तर मनुष्यबळ कमी आहे. एकाच सिस्टरांच्या पाळीत, एकाच प्रकारच्या कामाला, पुन्हा पुन्हा उशीर असेल तर ती वही घेऊन इन्चार्जना भेटा.

भेटल्यावर राजकारणापासून सुरुवात करू नका. "या दोन रात्री वेदना ७ च्या वर असताना औषधाला तासाहून जास्त वेळ लागला, या वेळा पाहा" असं म्हणा. समाजमाध्यमावरचं लिखाण आधी पुढे केलंत तर त्या सिस्टर बचावात जातात, सहकारी त्यांची बाजू घेतात आणि औषधाचा उशीर बाजूलाच राहतो. मग दोन गोष्टी मागा. एसओएस औषध ठरलेल्या वेळांना देता येईल का हे डॉक्टरांना विचारायला सांगा. ते शक्य असेल की नाही हे वडिलांची मूत्रपिंडं, रक्तदाब आणि गुंगी यांवरून ठरतं, पण जमलं तर मर्जीची सगळ्यांत मोठी फट तिथेच बुजते. आणि पाळी बदलताना निरोप खाटेपाशी, वडिलांच्या समोर द्यावा अशी विनंती करा. रुग्ण ऐकत असताना कोणी शेरे मारत नाही, आणि औषध राहिलं असेल तर तो स्वतः सांगू शकतो.

काही प्रसंगी मात्र दोन दिवस थांबू नका. सिस्टरांनी खाटेपाशी वडिलांच्या पक्षावरून टोमणा मारला, कारण न सांगता औषध नाकारलं, किंवा वडिलांबद्दल नाव न घेताही कुठे काही लिहिलं, तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि सिस्टर बदलून मागा. शेवटची गोष्ट गोपनीयतेचा भंग आहे, तिचा मतस्वातंत्र्याशी संबंध नाही. तुम्ही स्वतः वॉर्डात मोबाइलवर चित्रण करून पसरवू नका. त्यात इतर रुग्ण येतात, आणि तुमची बाजू तिथेच कमकुवत होते.

विवेकाच्या आधारे नकार देण्याचा हक्क आरोग्य कर्मचाऱ्यांना असतोच ना, असंही तुम्ही विचारलंत. अनेक ठिकाणी तो आहे, पण एखाद्या उपचारपद्धतीपुरता, उदाहरणार्थ गर्भपात. तिथेही तो आधी कळवावा लागतो, रुग्णाला वेळेत दुसरी सोय मिळावी लागते, आणि जीव धोक्यात असेल तर तो चालत नाही. विशिष्ट माणसाची सेवा त्याच्या विचारांमुळे नाकारण्याचा हक्क यात कुठेही बसत नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९४८ च्या जिनिव्हा प्रतिज्ञेत धर्म, राष्ट्रीयत्व आणि वंश यांच्या जोडीला पक्षीय राजकारणही रुग्ण आणि कर्तव्य यांच्यामध्ये येऊ देणार नाही असं स्पष्ट होतं, आणि २०१७ च्या सुधारित मसुद्यातही राजकीय बांधिलकीचा उल्लेख कायम आहे. ती प्रतिज्ञा डॉक्टरांची. परिचारिकांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आचारसंहिता १९५३ पासून आहे.

नोंदी आणि तक्त्यांवर मी एवढा भर दिला, तर त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९३९ पासून नाझी जर्मनीत मनोरुग्णालयांतल्या रुग्णांबद्दल छापील अर्ज भरून घेतले गेले. त्यांत आजाराबरोबर वंश आणि काम करण्याची क्षमता विचारलेली होती. रुग्णाला कधीही न पाहिलेले डॉक्टर त्यावर लाल अधिकचं चिन्ह काढत, आणि त्याचा अर्थ मृत्यू. व्यवस्था कमालीची शिस्तबद्ध होती. पुढे न्युरेंबर्गला १९४६-४७ मध्ये डॉक्टरांचा खटला चालला, त्यात २३ आरोपींपैकी २० जण डॉक्टर होते. म्हणून कोणताही तक्ता हातात आला की मी आधी त्याचे रकाने वाचते. ब्रिटनमध्ये २०१२ साली आलेल्या न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) या, रुग्णाची प्रकृती ढासळतेय का हे वेळीच ओळखण्याच्या गुणपद्धतीत श्वासाची गती, ऑक्सिजनचं प्रमाण, ऑक्सिजन लावला आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि तापमान एवढंच विचारतात. बेरीज ५ झाली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं, ७ झाली की आपत्कालीन पथकाला. यातला एकही रकाना माणूस कोण आहे हे विचारत नाही. ज्या तक्त्यात तसा रकाना असेल तो नीट भरला तरी सेवा निःपक्ष होणार नाही, आणि तिथे एका सिस्टरांची बदली मागून काहीही साधणार नाही.

तुमच्या वर्णनावरून तसं काही दिसत नाही. आत्ता हाती असलेल्या माहितीवर मी सिस्टर बदलून मागणार नाही, वही सुरू करेन. शिवाय वडिलांना सांगून ठेवा, की दारू, गोळ्या, पडणं, लघवी अडणं यांबद्दल त्या सिस्टरांना सांगायला संकोच वाटत असेल तर ते सकाळच्या फेरीत डॉक्टरांना सांगा, पण लपवू नका. आणि घरी सोडण्याच्या दिवशी जरा जास्त जागरूक राहा. तेव्हा सगळेच घाईत असतात आणि समजावून सांगण्याचं काम पूर्णपणे सांगणाऱ्याच्या इच्छेवर चालतं. टाके कधी काढायचे, रक्त पातळ ठेवण्याचं औषध किती दिवस, कोणत्या पायावर किती भार द्यायचा, पोटरी सुजली किंवा दम लागला तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे सगळं कागदावर लिहून घ्या, आणि सिस्टरांसमोर वडिलांना ते एकदा स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा.